हस्तनिर्मित भेटवस्तू : मराठी कुटुंबातील स्त्रीश्रमाचा एक दुर्लक्षित इतिहास
(नाहूर–मुलुंड परिसराच्या विशेष संदर्भासह)

प्रस्तावना

भेट देणे ही मानवी समाजातील एक प्राचीन प्रथा आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या दीर्घ निबंधात देणे, स्वीकारणे आणि परत करणे या तीन बंधनांच्या आधारे भेटीची मीमांसा केली. दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचा काही अंश राहतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. मॉस यांच्यापुढे प्रामुख्याने पॉलिनेशिया, मेलानेशिया आणि उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील समाज होते. तथापि मराठी घरातील बाळाचे दुपटे, संक्रांतीचे हलव्याचे दागिने किंवा लग्नातील रुखवत यांकडे पाहिले असता हे सूत्र येथेही लागू पडते, असे दिसून येते. आपल्या माणसासाठी, त्याचे माप आणि त्याची गरज ध्यानात ठेवून, स्वतःच्या हाताने वस्तू करून ती देणे ही परंपरा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

या परंपरेचे वर्णन बहुधा सण, संस्कार किंवा लोककला या सदरांखाली केले जाते. त्यामुळे एक प्रश्न मागे पडतो. या वस्तू कोणी केल्या, त्यासाठी वेळ कोठून काढला आणि त्या श्रमाची नोंद कोठे झाली? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. हस्तनिर्मित भेटवस्तू ही कुटुंबातील स्त्रीश्रमाची खूण असून लिखित साधनांनी तिची दखल अपवादानेच घेतली, हे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

नाहूर परिसराची घडण

मध्य रेल्वेवरील भांडुप आणि मुलुंड या स्थानकांच्या मध्ये नाहूर आहे. पूर्वेस ठाण्याची खाडी व मिठागरे, पश्चिमेस आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट असलेल्या डोंगररांगा, अशी या भागाची भौगोलिक रचना आहे. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुपच्या भेटीत मुंबई ते ठाणे आणि पुढे घाटांपर्यंत लोहमार्ग नेण्याची कल्पना सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात नमूद आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी याच पट्ट्यातून धावली. नाहूरला मात्र स्वतःचे स्थानक मिळण्यासाठी एकविसावे शतक उजाडावे लागले. दीड शतक गाड्या गावाच्या उशाजवळून जात राहिल्या, पण थांबल्या नाहीत.

मुंबई महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत वाढली. जुन्या आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, दोहो बाजूंस कारखाने उभे राहिले. मूळच्या आगरी, कोळी व ईस्ट इंडियन वस्तीत कोकणातून आणि देशावरून आलेल्या कामगारांची भर पडली. पुढे गिरण्यांची व कारखान्यांची पीछेहाट झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि त्याची झळ गिरणगावापुरती मर्यादित राहिली नाही. नंतरच्या काळात कारखान्यांच्या अनेक जागांवर निवासी संकुले उभी राहिली. गाव, चाळ आणि बहुमजली इमारत ही वस्तीची तीनही रूपे या परिसराने थोड्या काळात पाहिली. हस्तनिर्मित भेटवस्तूंना लागणारी जागा, सवड आणि साहित्य या तिन्हींवर या बदलांचा थेट परिणाम झाला. म्हणूनच हा परिसर प्रस्तुत विषयाच्या अभ्यासासाठी उपयुक्त ठरतो.

बाळंतविडा आणि गोधडी

मुलीच्या पहिल्या बाळंतपणात नातलगांकडून येणारा बाळंतविडा हे हस्तनिर्मित भेटीचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण होय. त्यात बाळासाठी झबली, टोपडी, लंगोट, कुंची आणि दुपटी असतात, तर बाळंतिणीसाठी डिंकाचे व आळिवाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, खारीक असे पदार्थ असतात. आजी, मावशी, आत्या, मामी यांनी ही तयारी काही महिने आधीपासून केलेली असते. जन्माला यावयाच्या जिवाचे माप कोणालाच ठाऊक नसते. म्हणून झबल्याला बटणांऐवजी बंद लावतात आणि शिवणीत कापड राखून ठेवतात, म्हणजे बाळ वाढेल तसे झबलेही मोठे करता येते. अशा लहानशा योजनेतून देणारीचा अनुभव व्यक्त होतो.

नवजात बालकासाठी नव्या कापडापेक्षा वापरून मऊ झालेले सुती कापड श्रेयस्कर मानले जाई. त्यामागे काटकसर होती आणि बाळाच्या त्वचेची काळजीही होती. आजीचे जुने लुगडे फाडून त्याची दुपटी केली जात. नऊवारी लुगड्याची लांबी आजच्या मापाने आठ मीटरहून अधिक भरते. त्यामुळे एका लुगड्यातून कित्येक दुपटी निघत आणि उरलेले कापड गोधडीच्या थरांत जाई.

गोधडी, पश्चिम महाराष्ट्रात जिला वाकळ असेही म्हणतात, ती करण्याची पद्धत साधी पण कष्टाची आहे. जुनी लुगडी, धोतरे धुऊन, सुकवून जमिनीवर एकावर एक अंथरतात. सुरकुत्या काढून मोठ्या टाक्यांनी ते थर तात्पुरते जोडतात. नंतर जाड दोरा ओवलेल्या सुईने कडेपासून मध्याकडे चौकोनात चौकोन काढीत धावदोरा घालतात. काठासाठी लुगड्याचाच पदर किंवा किनार वापरली जाते. एकटीने केल्यास या कामाला अनेक दिवस लागतात. म्हणून दुपारच्या वेळी शेजारणी भोवती बसून आपापली बाजू पुरी करीत. टाक्यांच्या लांबीवरून कोणती बाजू कोणाच्या हातची, हे जाणत्या स्त्रीस ओळखता येई. गोधडीवर कोणाचे नाव नसते. तरीही तिच्यात अनेक हातांची अक्षरे असतात.

गावाहून मुंबईस येणाऱ्या माणसाच्या वळकटीत गोधडी असे. दहा बाय दहाच्या खोलीत तीच अंथरूण आणि तीच पांघरूण होई. आईच्या किंवा पत्नीच्या लुगड्याची ती गोधडी गावाशी असलेल्या नात्याचा दररोज हाताला लागणारा पुरावा होता. पुढे कुटुंबे मुंबईत स्थिरावली तेव्हा गोधडी अंथरण्याइतकी मोकळी जमीन घरात उरली नाही. काही काळ चाळीचा सज्जा आणि गच्ची यांनी ती उणीव भरून काढली. नंतर नऊवारीची जागा पाचवारीने आणि सुताची जागा कृत्रिम धाग्याने घेतली. कृत्रिम धाग्याची साडी झिजून मऊ होत नाही आणि घामही शोषून घेत नाही. गोधडी मागे पडण्याचे कारण केवळ आवडीनिवडीतील बदल नव्हे. तिचा कच्चा मालच घरातून नाहीसा झाला, ही बाब लक्षात घेतली पाहिजे.

हलव्याचे दागिने

गोधडी टिकण्यासाठी केली जाते. हलव्याचे दागिने काही दिवसांतच मोडून खाण्यासाठी असतात. विवाहानंतरच्या पहिल्या मकर संक्रांतीस नववधूला काळी साडी नेसवून हलव्याचे मंगळसूत्र, बाजूबंद, बिंदी, कर्णफुले, हार असे दागिने घालतात. लहान मुलाच्या बोरन्हाणात मुकुट, बासरी, हार, कडी हे प्रकार असतात. वधूचे मनगट केवढे, बाळाचे डोके केवढे, याचा अंदाज घेऊनच हे दागिने करावे लागतात. त्यामुळे ही भेट त्या एका व्यक्तीसाठीच असते आणि दुसऱ्या कोणाला ती जशीच्या तशी देता येत नाही.

हलवा करणे हे चिकाटीचे काम आहे. तीळ, खसखस, साबुदाणा किंवा वेलदोड्याचे दाणे परातीत घेऊन ती मंद आचेवर ठेवतात. त्यावर साखरेचा पाक चमच्याचमच्याने सोडीत बोटांनी दाणे सतत फिरवीत राहावे लागते. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांस चिकटतात आणि आच वाढली तर साखर पिवळी पडते. हात थांबला तर काटा येत नाही. हे काम एका बैठकीत संपत नाही, कित्येकदा ते काही दिवस चालते. कोरडी थंड हवा त्यास मानवते. मुंबईच्या दमट हवेत पहाटेची वेळ साधून हलवा करावा लागे आणि झाल्यावर तो डब्यात घट्ट झाकून ठेवावा लागे. नंतर दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा गुंफून किंवा पुठ्ठ्याच्या आकारावर दाणे बसवून दागिना तयार होई.

सोन्याच्या दागिन्याचे वजन करता येते, तो गहाण ठेवता येतो, वारसाने पुढे जातो. हलव्याच्या दागिन्याला यांपैकी कोणताही गुण नाही. त्याची संपूर्ण किंमत त्याला लागलेल्या वेळात असते. पहिल्या संक्रांतीस सासूने सुनेसाठी इतका वेळ खर्च करावा, यातून त्या नात्यातील अपेक्षित जिव्हाळा व्यक्त होई. प्रत्यक्षात तो प्रत्येक घरी असेच, असे म्हणता येणार नाही.

शाळा, सुईकाम आणि शिवणयंत्र

ही कौशल्ये पूर्वी घरात आईकडून मुलीकडे जात. एकोणिसाव्या शतकात त्यांना शाळेची जोड मिळाली. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि त्यांनी मुलींच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. मिशनच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर सुईकाम शिकविले जाई. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाला रमाबाई रानडे यांचे नेतृत्व लाभले आणि तेथे शिवणकामाच्या वर्गांना महत्त्वाचे स्थान होते. विधवा व परित्यक्ता स्त्रियांना उपजीविकेचे साधन मिळावे, हा या प्रयत्नांमागील एक हेतू होता. सुई ही प्रेमाची खूण होती, ती आता मिळकतीचेही साधन होऊ शकते, हा विचार यातून पुढे आला.

याच काळात शिवणयंत्राचा प्रसार झाला. सिंगर कंपनीची यंत्रे १८७० च्या दशकापासून भारतात विकली जाऊ लागली आणि कंपनीच्या येथील विस्ताराचे श्रेय बव्हंशी नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी व्यवस्थापकाकडे जाते. हप्त्यांवर विक्री हे या व्यवसायाचे वैशिष्ट्य होते. १९३० च्या दशकात उषा या देशी यंत्राचे उत्पादन सुरू झाले आणि स्वातंत्र्योत्तर काळात मध्यमवर्गीय घरांतून ते सर्रास दिसू लागले. लग्नात मुलीला शिवणयंत्र देण्याची पद्धतही रूढ झाली. ज्या हातांनी भेटवस्तू करावयाच्या त्यांना यंत्रच भेट मिळू लागले. यंत्रामुळे झबली, दुपटी लवकर होऊ लागली. त्याचबरोबर शेजारणींनी एकत्र बसून करावयाचे काम एकटीचे झाले, हा बदलही नोंदविण्याजोगा आहे.

नोंद कोणाची होते?

हाताने केलेल्या भेटीची इतिहासाने नोंदच घेतली नाही, असे नाही. स्वातंत्र्यलढ्यात हाताने कातलेल्या सुताला राजकीय अर्थ प्राप्त झाला. २६ मार्च १९४२ रोजी झालेल्या इंदिरा नेहरू यांच्या विवाहात त्यांनी नेसलेली साडी वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताची होती, हे सर्वश्रुत आहे. २० नोव्हेंबर १९४७ रोजी झालेल्या ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहानिमित्त महात्मा गांधींनी स्वतः कातलेल्या सुताचे, मधोमध ‘जय हिंद’ हे शब्द असलेले विणकाम भेट म्हणून पाठविले. ती वस्तू ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात जतन झाली.

या दोन्ही उदाहरणांत देणारे पुरुष आहेत, सार्वजनिक जीवनातील आहेत आणि त्यांच्या हातच्या वस्तूला चरित्रग्रंथांत स्थान मिळाले आहे. गांधींच्या भेटीत सूत कोणी कातले हे जगाला ठाऊक आहे. ते विणणाऱ्या हातांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. मराठी घरातील गोधडीची स्थिती याहून निराळी नाही. गोधडी वस्तुसंग्रहालयात आली तरी ती प्रदेशाच्या नावाने येते, करणारीच्या नावाने नव्हे.

स्त्रीधन, कायदा आणि रुखवत

स्त्रीच्या हातच्या श्रमाकडे पाहण्याची परंपरागत दृष्टी धर्मशास्त्रातूनही स्पष्ट होते. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात स्त्रीधनाची विस्तृत चर्चा केली आहे. कात्यायनाच्या मते स्त्रीने शिल्पकौशल्याने मिळविलेले तसेच परक्याकडून प्रेमाने लाभलेले धन पतीच्या स्वामित्वाखाली येते, उर्वरित तेवढे स्त्रीधन होय. हात स्त्रीचे आणि हाताच्या कमाईवर सत्ता पतीची, असा याचा सरळ अर्थ होतो. नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ हा सतराव्या शतकातील ग्रंथ ब्रिटिश काळातील न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकणासाठी विशेष प्रमाण मानला. साष्टीतील नाहूर परिसर याच उत्तर कोकणात मोडतो. त्यामुळे स्त्रीधनाची ही शास्त्रचर्चा येथील हिंदू कुटुंबांच्या व्यवहाराशी निगडित होती.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमाने ही स्थिती बदलली. भेट म्हणून मिळालेली किंवा स्वतःच्या कौशल्याने व श्रमाने मिळविलेली संपत्ती स्त्रीच्या पूर्ण मालकीची ठरली. कात्यायनाने ज्या दोन बाबी वगळल्या होत्या नेमक्या त्याच या कलमाने स्त्रीला दिल्या. हस्तनिर्मित भेटीच्या इतिहासात या तरतुदीचे महत्त्व कोणत्याही सणापेक्षा कमी नाही.

रुखवताचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. रुखवत म्हणजे मुळात वधूपक्षाने वराकडे पाठवावयाचे खाद्यपदार्थ. कालांतराने त्यात क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणे, सुपारीच्या बाहुल्या, सजविलेले नारळ, भरतकामाच्या उशा अशा वस्तूंची भर पडली. वधूचे कौशल्य मांडून दाखविण्याचे ते स्थान झाले. त्यात हौस होती, मैत्रिणींचा व बहिणींचा सहभाग होता. पण त्यात परीक्षाही होती. मांडलेल्या वस्तू वरपक्ष न्याहाळी आणि त्यावरून वधूची पारख केली जाई. पुढे हाताच्या वस्तूंशेजारी भांडी, कपाट, विजेची उपकरणे आली आणि रुखवत व हुंडा यांमधील सीमारेषा पुसट झाली.

१९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने चालीरीतीनुसार दिल्या जाणाऱ्या व ऐपतीच्या मानाने अवास्तव नसलेल्या भेटींना मुभा ठेवली. १९८५ च्या नियमांनुसार विवाहातील भेटींची लेखी यादी ठेवणे अपेक्षित असून तीत वस्तूचे संक्षिप्त वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहावयाचे असते. वधूच्या संरक्षणासाठी ही तरतूद आवश्यकच आहे. तथापि तिच्यातील किमतीचा रकाना एका जुन्या प्रश्नाची आठवण करून देतो. आजीने दोन महिने खपून केलेल्या गोधडीपुढे कोणता आकडा लिहावा? जुन्या लुगड्यांचा बाजारभाव नगण्य आणि श्रमाला दर नाही. हाच रकाना मिक्सरच्या बाबतीत मात्र सहज भरता येतो.

घरातून बाजाराकडे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरगुती कौशल्याला बाजार मिळू लागला. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने गिरणी कामगारांच्या खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना संघटित केले. पापड लाटणे, डबे पुरविणे यांस मोल आहे, हे या संस्थांनी सिद्ध केले. हलव्याचे दागिने, बाळंतविडा, रुखवत आणि गोधड्या यांबाबतही पुढे हेच घडले. मुंबई-ठाण्याच्या उपनगरांत संक्रांतीपूर्वी या वस्तू मागणीनुसार करून देणाऱ्या स्त्रिया आहेत. नोकरी करणाऱ्या आईला किंवा सासूला परातीजवळ बसण्यास सवड नसते, म्हणून ती माप कळवून दागिने दुसरीकडून करून घेते.

या बदलाकडे केवळ ऱ्हास म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. जी स्त्री पूर्वी बिनमोल काम करीत होती तिला आता मोबदला मिळतो. दुसऱ्या बाजूने, देणारी आणि करणारी या दोन वेगळ्या व्यक्ती झाल्या. भेट देणारीचा वेळ आता कामाच्या निवडीत आणि दामात जातो, करणारीचा वेळ मात्र पूर्वीइतकाच जातो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळवापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकामात सहभागी असलेल्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे देत होते. आपल्या माणसासाठी काही तरी करावे, ही इच्छा दोघांची सारखी असली तरी त्यासाठी मोकळा वेळ दोघांना सारखा मिळत नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. हस्तनिर्मित भेटवस्तूचे वैयक्तिक मूल्य घेणाऱ्याचे माप, कुटुंबातील वापरलेले साहित्य आणि करणारीचा वेळ या तीन घटकांवर अवलंबून होते.

२. वस्त्रोद्योगातील बदल, घरांचे आक्रसलेले क्षेत्र आणि स्त्रियांचे अर्थार्जन यांमुळे हे घटक एकेक करून परस्परांपासून सुटे झाले. नाहूरसारख्या उपनगरात ही प्रक्रिया अल्पकाळात घडून आली.

३. धर्मशास्त्राने स्त्रीच्या हस्तकौशल्याच्या कमाईवर पतीचा अधिकार मानला. १९५६ च्या कायद्याने मालकी दिली. श्रमाची नोंद मात्र कोणत्याच व्यवस्थेने केली नाही.

४. या वस्तूंचा गौरव करताना त्यांमागील सक्ती व वधूपरीक्षा यांकडे दुर्लक्ष करता येत नाही.

गोधड्या, दुपटी, कुंच्या ही स्थानिक इतिहासाची साधने आहेत, असे मानल्यास अभ्यासाची एक नवी दिशा उपलब्ध होईल. उपनगरांतील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने आपल्या परिसरातील अशा वस्तूंची नोंद ठेवावी. वस्तू कोणी केली, कोणासाठी केली, कोणत्या कापडातून केली आणि किती दिवसांत केली, एवढे चार प्रश्न त्यासाठी पुरेसे आहेत. ज्या स्त्रियांना याची उत्तरे देता येतील त्या आज वृद्ध झाल्या आहेत. गोधडी धुतल्यावर तिचा रंग विटतो आणि थर निघतात. ती केव्हा तरी टाकून दिली जाते. तिच्या करणारीचे नाव त्यापूर्वी कागदावर उतरावे, एवढी अपेक्षा इतिहासाच्या अभ्यासकाकडून करणे वाजवी ठरेल.